पथकातलं पथकात मिटत नाही

गणवेशातल्या बाईने गणवेशातल्याच माणसाविरुद्ध तोंड उघडलं, की एक सल्ला तिच्यापर्यंत हमखास पोचतो. पथकातली गोष्ट पथकातच ठेव. समादेशकांच्या कानावर घाल, ते त्याला समज देतील, त्याची ड्युटी दुसरीकडे लावतील, फारच झालं तर काढून टाकतील. पण पोलीस ठाण्याची पायरी चढू नकोस; त्यात दलाची अब्रू जाते आणि तुझीही. हा सल्ला देणारे सगळेच काही दुष्ट नसतात. पुष्कळांनी ऐन उमेदीची वर्षं बंदोबस्तात घालवलेली असतात, पुरात उतरलेली असतात, आणि दलावर त्यांची खरी माया असते. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याला नीट उत्तर द्यायला हवं. ते म्हणणं चुकीचं आहे, बेकायदा आहे आणि त्यात बाईचं जितकं नुकसान होतं, तितकंच एखाद्या निरपराध पुरुषाचंही होऊ शकतं.

मी बोलते आहे ते होमगार्डविषयी. रायगड जिल्ह्यातलं, रोह्याजवळचं धाटाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते कुंडलिकेकाठच्या एमआयडीसीमुळे, तिथल्या रसायन कारखान्यांमुळे. पण रोहा, कोलाड, नागोठणे, पेण या पट्ट्यात अशी गावं फार नसतील, जिथे एखाद्या तरी घराच्या दांडीवर खाकी गणवेश वाळत नसतो. ज्यांना लष्करात किंवा पोलिसात जाता आलं नाही, त्यांच्यासाठी हाच गणवेश. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत, दंग्यांच्या काळात, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना हे दल उभं राहिलं. १९४७ च्या मुंबई होमगार्ड कायद्याने त्याला कायदेशीर रूप आलं. निष्काम सेवा हे त्याचं ब्रीद. एरवी ही माणसं कंपनीत ठेक्यावर असतात, शिवणकाम करतात, भातलावणीला जातात. बोलावणं आलं की गणवेश चढवतात, आणि ड्युटीवर असेपर्यंत त्यांना पोलिसासारखे अधिकार मिळतात. ही आपली राखीव फळी आहे. एखाद्या राखीव दलात लैंगिक अत्याचाराची तक्रार आली तर पुढे काय व्हावं, या प्रश्नाचं आपल्या मातीतलं रूप इथेच सापडतं. कुठल्या एका पथकावर बोट ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्या रचनेत असं काही घडलं तर ते दडपणं सर्वांत सोपं जातं, त्या रचनेबद्दल आणि तिची पाठराखण करणाऱ्या युक्तिवादांबद्दल बोलायचं आहे.

ही रचना समजून घ्यायची तर कायद्याच्या पुस्तकाआधी ड्युटीची यादी पाहावी लागते. होमगार्डला महिन्याचा पगार नाही. यादीत नाव लागलं तर भत्ता, नाही लागलं तर काही नाही. ऑक्टोबर २०२४ पासून हा भत्ता दिवसाला ५७० रुपयांवरून १,०८३ रुपयांवर गेला. चांगलं झालं, फार आधी व्हायला हवं होतं. पण त्यातून आणखी एक गोष्ट घडली, तिची चर्चा कुणी केली नाही. यादीत नाव टाकणाऱ्याच्या हातातलं वजन जवळजवळ दुप्पट झालं. गणपती, नवरात्र, निवडणूक, परीक्षा, यात्रा: बाईच्या घरात रोख रक्कम येते ती याच दिवसांत. नाव कुणाचं टाकायचं, कुणाला दिवसाची ड्युटी द्यायची आणि कुणाला रात्रीची, कुणाला गावाजवळचा पॉइंट आणि कुणाला थेट महामार्ग, हे पथकातली दोन-तीन माणसं ठरवतात. शिवाय नोंदणी तीन वर्षांची असते. मुदत संपली की पुनर्नोंदणी, आणि तिथेही शेरा वरिष्ठांचाच.

आता गणेशोत्सवातला मुंबई–गोवा महामार्ग डोळ्यांसमोर आणा. पेण–हमरापूरहून मूर्ती निघालेल्या असतात, चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग वडखळपासून मागे लागलेली असते. नाक्यावर रेनकोट घालून, तोंडात शिट्टी धरून एक बाई उभी असते. तिच्यासाठी शौचालय म्हणजे समोरच्या हॉटेलवाल्याची मेहेरबानी. पावसात भिजलेला डबा ती दुभाजकाच्या आडोशाला उभ्या-उभ्याच संपवते. ड्युटी संपते तेव्हा शेवटची एसटी निघून गेलेली असते. घरी सोडतो कोण? ज्याची मोटारसायकल असेल तो, आणि बहुतेक वेळा तो वरिष्ठ असतो. शंभरातले नव्याण्णव तिला नीट घरी सोडतात, हे मला ठाऊक आहे. पण शंभरावा तसा निघाला नाही, तर तिच्या हातात काय असतं? त्याच्याविरुद्ध ती बोलली, तर उद्याच्या यादीत तिचं नाव राहील की नाही हे त्याच्या शब्दावर ठरतं, नाहीतर त्याच्यासोबत चहा पिणाऱ्याच्या. तिने तक्रार पथकातच करावी असं म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं. जो तिची भाकरी ठरवतो, तोच तिची तक्रार कशी ऐकणार?

हे मी मनचं रचत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरतेत पंचवीस महिला होमगार्डांनी आपल्या वरिष्ठांकडून शारीरिक आणि मानसिक छळ होत असल्याची लेखी तक्रार थेट पोलीस आयुक्तांकडे दिली. तिथे लागू असलेला कायदा आपलाच, १९४७ चा मुंबई कायदा. आरोप खरे की खोटे हा चौकशीचा विषय. माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीने: त्या पंचवीस जणी एकत्र गेल्या आणि दलाच्या बाहेर गेल्या. एकटीने आतल्या आत जाण्यात काय जोखीम आहे, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पहिला युक्तिवाद कायद्याचा असतो, आणि तो आत्मविश्वासाने केला जातो. होमगार्ड म्हणजे स्वयंसेवक, नोकर नाहीत, तेव्हा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा त्यांना लागू होत नाही. आधाराला सर्वोच्च न्यायालयाचा ११ मार्च २०१५ चा निकालही पुढे केला जातो. हिमाचल प्रदेशच्या होमगार्डांच्या त्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं होतं, की होमगार्ड नियमित नोकर नसल्यामुळे त्यांना कायम करण्याचा हक्क मागता येणार नाही. हे खरं आहे. पण तो वाद नोकरीत कायम करण्याचा आणि भत्त्याचा होता. त्याच निकालात न्यायालयाने भत्ता वाढवायला सांगितलं. महिनाभराच्या कामाचा भत्ता पोलिसाच्या किमान वेतनाइतका भरावा, असं म्हटलं. बाईच्या अंगाला हात लागला तर तिने कुठे जावं, हा प्रश्न त्या न्यायालयापुढे नव्हताच.

२०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने तो प्रश्न आपल्या पहिल्याच पानांवर सोडवला आहे. त्याच्या व्याख्येत कर्मचारी म्हणजे कायम, तात्पुरता, रोजंदारीवरचा, मोबदला घेणारा, न घेणारा, आणि स्वेच्छेने काम करणारासुद्धा. स्वयंसेवकाचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. कामाच्या ठिकाणात सरकारचं कुठलंही खातं किंवा संस्था येते, कामानिमित्त जावं लागेल ती प्रत्येक जागा येते, आणि कामावर नेण्या-आणण्यासाठी मालकाने पुरवलेलं वाहनही येतं. वडखळचा नाका त्यात बसतो. कवायतीचं मैदान बसतं. बंदोबस्ताला नेणारी गाडीही बसते.

ही व्याख्या इतकी रुंद का ठेवली, यामागे एक इतिहास आहे आणि तो विसरणं अपराध ठरेल. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथीन होत्या. तुटपुंज्या मानधनावर बालविवाह थांबवायचं काम करायच्या. सप्टेंबर १९९२ मध्ये त्याच कामाचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. काम सरकारचं होतं, पण संरक्षणाची वेळ आली तेव्हा त्या कुणाच्याच कर्मचारी नव्हत्या. त्या लढ्यातून १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला, आणि त्यानंतर सोळा वर्षांनी हा कायदा. अर्ध्या नोकर, अर्ध्या स्वयंसेविका असलेल्या एका बाईच्या जखमेतून जो कायदा जन्मला, तो स्वयंसेविकांना लागू नाही असं सांगणारा माणूस तो कायदा वाचल्याशिवायच बोलत असतो.

आणि हे झालं फक्त छळाचं. बलात्कार, विनयभंग हे गुन्हे आहेत, त्यांचा तपास कुठल्याही समितीच्या किंवा समादेशकाच्या हातात नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात पक्कं केलं. लैंगिक गुन्ह्याची खबर घ्यायला नकार देणाऱ्या सरकारी नोकराला भारतीय न्याय संहितेच्या १९९ कलमाखाली सहा महिने ते दोन वर्षं कैद आहे. गणवेशातल्या माणसाने केलेला बलात्कार कायद्याने जास्त गंभीर मानला आहे: ड्युटीवर नेमलेल्या सशस्त्र दलातल्या माणसाला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी. सशस्त्र दल म्हणजे काय, याच्या स्पष्टीकरणात राज्य सरकारच्या नियंत्रणाखालची सहायक दलंही आहेत. ही दुरुस्ती न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर, २०१३ मध्ये झाली. गणवेशासाठी ज्याची शिक्षा वाढवली, तो गुन्हा गणवेशासाठी झाकायचा, हे कुठल्या न्यायात बसतं?

दुसरा युक्तिवाद लष्कराच्या नावाने येतो, आणि तो लोकांना पटकन पटतो. कोकणातल्या किती घरांतली मुलं सैन्यात आहेत. सैन्यात आतली गोष्ट आतच निकाली काढतात, तिथे शिस्त आहे ती त्यामुळे, मग आम्हीही तीच रीत ठेवली तर काय बिघडलं? बिघडतं ते असं. सैन्यात आतली गोष्ट निकाली काढतं ते कोर्टमार्शल. तिथे आरोपपत्र असतं, साक्षी-पुरावे असतात, कायदा जाणणारा जज ॲडव्होकेट असतो, बचावाचा वकील असतो, आणि वर दाद मागायला सशस्त्र दल न्यायाधिकरण असतं. डिसेंबर २०१८ मध्ये अशाच एका कोर्टमार्शलने लैंगिक छळाच्या प्रकरणात मेजर जनरल हुद्द्याच्या अधिकाऱ्याला बडतर्फीची शिक्षा सुनावली होती. होमगार्डच्या तालुका पथकाकडे यातलं काय आहे? समज देणं, ड्युटी न लावणं, निलंबित करणं, काढून टाकणं, एवढंच. ही शिस्तीची साधनं आहेत, न्यायाची नाहीत. लष्कराचं दार बंद करण्याचा भाग तेवढा उचलला, आणि दारामागचं न्यायालय मात्र मागेच राहिलं.

शिवाय खुद्द लष्कराचा कायदा या लोकांना वाटतो तितका बंदिस्त नाही. १९५० च्या लष्कर कायद्याचं ७० वं कलम सांगतं, की लष्करी कायद्याखाली नसलेल्या व्यक्तीचा खून, सदोष मनुष्यवध किंवा तिच्यावरचा बलात्कार या गुन्ह्यांचा खटला कोर्टमार्शलपुढे चालणार नाही. अपवाद प्रत्यक्ष सक्रिय सेवेचा, परदेशाचा आणि सरकारने ठरवलेल्या सीमा चौकीचा. शांततेच्या काळात एखाद्या जवानाने गावातल्या बाईवर बलात्कार केला, तर ते प्रकरण मुलकी फौजदारी न्यायालयातच जातं. टेरिटोरियल आर्मीच्या जवानाला कामावर बोलावलेलं असताना हाच लष्करी कायदा लागू होतो, आणि घरी असताना तो तुमच्या-आमच्यासारखा नागरिक. मग ज्या दलाला लष्करी कायदा कधीच लागू होत नाही, त्याने कोणत्या अधिकाराने आपली कचेरी आतच भरवायची?

राखीव दलांचा हा आजार जगभरचा आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं नॅशनल गार्ड असतं. महिन्यातून काही दिवस गणवेश, बाकी दिवस नोकरीधंदा. अलास्कात तक्रारी वर्षानुवर्षं दबल्या. २०१४ मध्ये केंद्रीय यंत्रणेचा अहवाल आला आणि तिथल्या गार्डच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. पाच वर्षांनी विस्कॉन्सिनात तेच झालं. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींची चौकशी गार्डचे अधिकारी स्वतःच करत होते. नियमाने ते काम बाहेरच्यांचं होतं, हे उघड झालं, आणि डिसेंबर २०१९ मध्ये प्रमुख मेजर जनरलने राजीनामा दिला. कॅनडात सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीश लुईझ आर्बर यांनी मे २०२२ च्या अहवालात लैंगिक गुन्ह्यांचा तपास आणि खटले लष्कराकडून काढून पूर्णपणे मुलकी यंत्रणेकडे द्यावेत, अशी शिफारस केली. डिसेंबर २०२३ च्या अखेरीपासून अमेरिकी सैन्यातही अशा गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही, हा निर्णय कमांडरच्या हातून काढून स्वतंत्र वकिलांकडे दिला गेला. ज्यांच्याकडे कोर्टमार्शल आहे, कायदेपंडितांच्या फौजा आहेत, त्यांनी ठेच खाऊन मान्य केलं की वरिष्ठाने आपल्याच माणसाचा न्याय करू नये. आपण कसल्या भरवशावर त्याच वाटेने चाललो आहोत?

अब्रूचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तोच सगळ्यात खोल आहे. कोकणात गावकी जुनी. बांधाचं भांडण, देवळाचा मान, पालखीचा मार्ग. चार माणसं बसवून मिटवायची रीत. तिने कोर्टकचेऱ्यांतून किती घरं वाचवली, हे मी नाकारत नाही. पण हीच गावकी बिथरली की काय करते, तेही रायगडाने पाहिलं आहे. वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी या जिल्ह्यातून इतक्या गाजल्या, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये राज्याला वेगळा कायदा करावा लागला. पथकात मिटवणं म्हणजे याच गावकीला खाकी चढवणं. तिथे बसणारी चार माणसं आरोपीला रोज भेटणारी असतात. त्याची बायको, मुलं त्यांच्या ओळखीची असतात. ती त्याला सांभाळून घ्या म्हणतात, आणि हिला संसार सांभाळ म्हणतात. बैठकीतून जो निघतो तो समेट असतो, पण बलात्काराच्या गुन्ह्यात समेटाला कायद्यात जागाच नाही. असा खटला आपसांतल्या तडजोडीवर रद्द करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ज्ञान सिंग प्रकरणात २०१२ मध्ये सांगून ठेवलं आहे. छळाच्या तक्रारीतही समेट करायचा असेल तर तो फक्त बाईने मागितला तर, आणि पैशांवर तर नाहीच.

अब्रू जाते ती तक्रारीने नव्हे. दसऱ्याच्या उत्सवात रोह्याच्या ग्रामदैवताला, धावीर महाराजांना पोलिसांची सशस्त्र मानवंदना दिली जाते, तेव्हा हजारो डोळे गणवेशाकडे मानाने पाहतात. पालखीच्या गर्दीत होमगार्डच्या बाईवर विश्वास ठेवून आया मुलींना पुढे सोडतात. हा विश्वास कशावर उभा आहे? गणवेशातला माणूस चुकला तर त्यालाही कायदा तसाच लागेल, यावर. एक प्रकरण दाबलं की ते गावाला कळतंच. पाणवठ्यावर, एसटीत, लग्नात कळतं. आणि मग लोक त्या एका माणसाला नाही, सगळ्या खाकीला नावं ठेवतात.

खोट्या तक्रारींची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. यादीवरून पथकांत हेवेदावे असतात, आणि कुणी रागाने काही बोलणारच नाही अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण याचं उत्तर आतली बैठक नव्हे. नियमाची चौकशी, हेच उत्तर. कायद्याने तिथे दोघांचीही सोय केली आहे: तक्रारीची प्रत आरोपीला मिळते, त्याला उत्तर देता येतं, साक्षीदार आणता येतात, नव्वद दिवसांत चौकशी पुरी व्हावी लागते. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर कारवाईची तरतूद आहे. मात्र पुरावा कमी पडला एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखावरच्या लैंगिक छळाच्या प्रकरणात चौकशी समितीने शेवटी घाईघाईने सुनावण्या उरकल्या, म्हणून १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली आणि चौकशी पुन्हा करायला सांगितली. त्याच निकालात कायद्याच्या अंमलबजावणीतल्या ढिलाईबद्दल न्यायालयाने सरकारांना खडसावलं. दोन्ही गोष्टी एका निकालात आल्या, हे फार महत्त्वाचं आहे. धड न झालेली चौकशी आरोपीवर अन्याय करते आणि तक्रारदाराचंही काही उरू देत नाही.

पथकात मिटवणाऱ्यांनी हे विचारात घ्यावं, की त्यांच्या रीतीत निरपराध माणूसही वाचत नाही. कुजबुज झाली म्हणून एखाद्याचं नाव यादीतून गुपचूप गळतं. त्याला आरोप कळत नाही, उत्तर देता येत नाही, आणि गावात तो कायमचा तसला ठरतो. दुसरीकडे खरा गुन्हेगार समज घेऊन शेजारच्या पथकात जातो, तिथल्या बायकांना त्याच्याविषयी काहीच माहीत नसतं.

मग शेवटचा प्रश्न येतो: इतकं होतं तर तिने लगेच का नाही सांगितलं? या प्रश्नाला महाराष्ट्रात फार जुनी जखम आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी लैंगिक अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला; देश त्याला मथुरा खटला म्हणून ओळखतो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना दोषी धरलं. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता. पोलीस ठाण्यात, रात्री, गणवेशापुढे उभी असलेली गरीब मुलगी किती प्रतिकार करू शकते, हे न्यायाधीशांना दिसलं नाही. ते दाखवलं चार प्राध्यापकांनी, १९७९ च्या खुल्या पत्रातून: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. त्यातून देशभर आंदोलन पेटलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीवर सरकारी माणसाने केलेला बलात्कार वेगळा आणि गंभीर गुन्हा ठरला. संबंध आला हे सिद्ध झालं आणि संमती नव्हती असं बाई म्हणाली, तर अशा खटल्यात न्यायालयाने ते मानून चालावं, असं पुराव्याच्या कायद्यात आलं. त्यानंतर चार दशकं उलटली, तरी पथकाच्या बैठकीत अजून देसाईगंजचेच प्रश्न विचारले जातात.

होमगार्ड बाई लगेच का बोलत नाही, याचं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. गणपतीत काही झालं तर ती मनाशी म्हणते, नवरात्र जाऊ दे. नवरात्रीनंतर दिवाळी येते, मग निवडणुका, आणि प्रत्येक वेळी यादी समोर असते. छळाच्या कायद्यात तक्रारीला मुदत तीन महिन्यांची, फार तर कारणं नोंदवून आणखी तीन महिने. गणपतीपासून मोजा, दत्तजयंतीपर्यंत पहिली मुदत सरलेली असते. कायदा करणाऱ्यांनी कचेरीत महिन्याला पगार घेणारी बाई डोळ्यांपुढे ठेवली. हंगामी भत्त्यावर जगणारी ठेवली नाही. ही त्रुटी खरी आहे आणि ती दुरुस्त व्हायलाच हवी. तोवर प्रत्येक बाईने एवढं लक्षात ठेवावं, की बलात्काराचा गुन्हा नोंदवायला अशी मुदत नाही.

बाहेर जायचं म्हणजे कुठे, हा प्रश्न रास्त आहे, कारण गुंता इथेही आहे. बऱ्याच जिल्ह्यांत होमगार्डच्या जिल्हा समादेशकाचं काम अपर पोलीस अधीक्षकच पाहतात. म्हणजे पोलीस ठाणं आणि पथक, दोन्हींच्या वरची साखळी एकाच कचेरीत मिळते. गुन्हा नोंदवायला पोलिसांकडेच जायचं, पण ते रोह्यालाच जावं लागेल असं नाही; आता कुठल्याही ठाण्यात, हद्दीचा प्रश्न न करता, गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, आणि जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. छळाच्या तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर कायद्याने तीच जागा. तालुक्याला नोडल अधिकारी नेमायचा असतो, त्याने सात दिवसांत तक्रार पुढे पाठवायची असते. या समित्या आणि हे अधिकारी नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाला ३ डिसेंबर २०२४ रोजी, कायदा होऊन अकरा वर्षांनी, पुन्हा तारखा घालून सांगावं लागलं.

समित्या कागदावर असतील, पण वडखळच्या नाक्यावर उभ्या असलेल्या बाईपर्यंत त्या पोचत नाहीत. एमआयडीसीतल्या कंपनीला आपल्या समितीची नावं दर्शनी भागात लावावी लागतात. त्या फलकाखालून जाणाऱ्या कामगार बाईला निदान ती वाचता येतात. कवायतीच्या मैदानाला भिंतच नसते. म्हणून माझी मागणी साधी आहे. येत्या गणेशोत्सवाच्या बंदोबस्ताचा जो आदेश प्रत्येक होमगार्डच्या हातात पडेल, त्याच्या तळाशी स्थानिक समितीच्या अध्यक्षांचं आणि तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याचं नाव आणि फोन छापा. जिने तक्रार केली तिचं नाव आधीच्या वर्षाइतक्या ड्युट्यांना लागलंच पाहिजे, आणि त्या याद्या पथकाबाहेरच्या अधिकाऱ्याने तपासाव्यात. रात्री बाईला घरी पोचवायची गाडी सरकारी असावी, तिच्या वेळेची नोंद असावी. आणि ज्यांना अजूनही वाटतं की गोष्ट पथकातच मिटावी, त्यांनी ते आपल्या सहीने कागदावर लिहून द्यावं, म्हणजे तो कागद तक्रारीसोबत जोडता येईल.